हिरव्या टेकडीचा आवाज

आवाज आला आणि श्रुतिकाचा पाय फुटपाथवरच थांबला. म्हणजे ठेच नाही लागली, कोणी धक्का नाही दिला, काहीच नाही झालं. शनिवारची सकाळ, घाटकोपर ईस्टला केळीवाला आणि चावीवाला यांच्यामधली ती अरुंद गल्ली, हातात कानातल्या मशीनच्या सेलचं पाकीट, आणि डोक्यात एवढंच की घरी जाऊन आईच्या हातचे गरम पोहे हाणायचे. तेवढ्यात तळमजल्याच्या एका जाळीच्या खिडकीतून ती धून बाहेर आली. वर जाते, जराशी थबकते, आणि दमलेल्या माणसाने उशीवर डोकं टेकावं तशी हळूच खाली येते, ती. जुना विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर चालू होताना वाजायची ती. तुम्ही ऐकलीये, सगळ्यांनी ऐकलीये, सायबर कॅफेत, शाळेच्या लॅबमध्ये, मामाच्या ऑफिसात. पण ती ऐकून सर्रकन अंगावर काटा आला असा माणूस अख्ख्या घाटकोपरमध्ये त्या क्षणाला एकच असणार. आणि गंमत म्हणजे त्या काट्यात दोन काटे होते. पहिला पवईच्या ऑफिसातला. कारण श्रुतिकाचं कामच ते, लोकांचे कॉम्प्युटर तपासायचे, आणि असलं म्हातारं काही सापडलं की रिपोर्टमध्ये त्याच्यासमोर लाल पट्टी मारून लिहायचं, ‘तातडीने सेवेतून काढावे’. हे वाक्य तिने इतक्यांदा टाईप केलं होतं की ‘ता’ म्हटलं की बोटं पुढचं आपोआप मारायची. एक्सपी? अजून? चालू? कोण आहे हा वेडा! आणि दुसरा काटा, त्याच्या खालचा, फार जुना. तो म्हणाला, ए, ही माझी आहे.

माझी म्हणजे खरंच माझी. श्रुतिका तीन-साडेतीन वर्षांची होईपर्यंत तिला ऐकू येत नव्हतं. आणि नाव श्रुतिका! बारशाला कोणाला माहीत होतं? नंतर कळलं तेव्हा आत्या म्हणाली होती, ‘जया, नाव बदला गं, लोक हसतील,’ आणि आई म्हणाली होती, ‘नाव नाही बदलायचं. कान बदलू.’ हे वाक्य त्यांच्या घरात इतकं फेमस की पाहुणे आले की पप्पा ते आईकडून परत म्हणवून घ्यायचे. कान आले, दोन्ही बाजूंना एकेक, वालाच्या दाण्याएवढे. आणि मग पहिला आवाज कुठला, यावर घरात जी भांडणं सुरू झाली ती आजतागायत. आई म्हणते माझी हाक. पप्पा म्हणतात छे, कुकरची शिट्टी, मी स्वतः बघितलं, दचकली होती. आणि श्रुतिका म्हणते, तुम्ही दोघं गप बसा, कान माझे आहेत. तिला आठवायची एक खोली, भिंतींना करड्या रंगाचा फोम, काचेच्या पेटीत डफली घेतलेलं माकड, टेबलावर फुगीर काचेचा स्क्रीन, आणि त्या स्क्रीनवर अचानक उगवलेली हिरवीगार टेकडी, वर निळं आभाळ, पांढरे ढग. आणि टेकडीबरोबर तो आवाज. कित्येक वर्षं तिला वाटायचं, आवाज त्या टेकडीचाच आहे. सगळ्या टेकड्यांना असतो. शाळेची पिकनिक कान्हेरीला गेली तेव्हा ती कितीतरी वेळ उभी राहिली होती, कधी वाजते बघू म्हणून.

तर ती खिडकी. वर बोर्ड, रंग उडालेला, कुठल्याशा ट्रस्टचं ‘कान तपासणी केंद्र’. अगं बाई! म्हणजे हेच! इतकी वर्षं ती दोन गल्ल्या सोडून सेल घेत होती आणि हे इथेच होतं! आता बघा, माणूस आपल्या लहानपणात असा सरळ दार ढकलून शिरू शकतो का? ती शिरली. आत डेटॉलचा वास, आणि त्याच्याखाली तो दुसरा वास, फोमचा, गरम झालेल्या प्लास्टिकचा. दाराशी खाकी शर्टातले शिपाई, राजाराम, हातात फडकं. ‘गो बाय, चप्पल भायर. आनि आज तपासनी बंद आसा.’ असं म्हणत त्यांनी फडकं झटकलं आणि मग जी शिंक दिली, बापरे, श्रुतिकाच्या कानातल्या मशीनने घाबरून स्वतःच आवाज कमी करून घेतला. आतून बाईंचा आवाज आला, ‘राजाराम, किती वेळा सांगितलं, धूळ पुसताना तोंडाला रुमाल बांधा,’ आणि मागोमाग बाई. सुहासिनी मॅडम, लहानपणी तिचे कान तपासणाऱ्या. केस पांढरे, चष्मा तोच, जाड काळा. त्यांनी आधी श्रुतिकाच्या कानांकडे बघितलं, सवयच ती, आणि मग चेहऱ्याकडे. ‘थांब, नाव सांगू नकोस. माकड घरी न्यायचं म्हणून जमिनीवर लोळलेली. श्रुतिका!’

आता इथे रडायबिडायचं असतं, पण मॅडमना वेळ नव्हता, कारण मागे तो कॉम्प्युटर करकरत होता. तोच. म्हणजे पोटातलं अर्धंअधिक बदललेलं, स्क्रीन आता चपटा, पण डबा तोच, पिवळा पडलेला, आणि त्याला जोडलेलं कान तपासायचं मशीन तेच, काचेतलं माकड तेच. मशीनचा प्रोग्राम फक्त एक्सपीवर चालतो, कंपनी कधीच बंद झाली. आवाज इथून निघतात, मूल आवाजाकडे वळलं की मॅडम बटण दाबतात, माकड डफली वाजवतं, मूल हसतं, आणि वहीत एक टिंब पडतं, हा आवाज ह्याला पोचतो. एवढ्यावर वीस-बावीस वर्षं चाललं होतं. आणि सोमवारी ते संपणार होतं. का, तर गणपतीत राजारामांनी गावच्या भजनी मंडळाच्या आरत्या पेनड्राइव्हवर आणल्या, मुलांना वाट बघताना ऐकायला म्हणून ह्याच कॉम्प्युटरला लावल्या, आणि आरत्यांबरोबर व्हायरस उतरला. मग तोच पेनड्राइव्ह वर ट्रस्टच्या ऑफिसात गेला आणि तिथल्या सगळ्या फायली गायब. ट्रस्टचे सेक्रेटरी अण्णा, रिटायर्ड बँकवाले, असे भडकले की म्हणाले, ते भूत सोमवारी बाहेर, आणि खोली दातांच्या डॉक्टरला. ‘आणि मुलं?’ श्रुतिकाने विचारलं. मॅडम म्हणाल्या, ‘मुलं कुठेतरी लांब जातील. किंवा जाणारच नाहीत. जास्त करून तेच होतं. सोमवारी दिंडोशीची इरावती यायचीये, अडीच वर्षांची, दोनदा परत पाठवली मी तिला, ह्या करकरीमुळे. तिसऱ्यांदा तिची आई येईल का गं?’ राजाराम खाली मान घालून म्हणाले, ‘माका काय ठाऊक, आरतीत पण किडो आसता तो!’

श्रुतिकाला हसू आलं आणि त्याच क्षणी वाईट वाटलं, कारण अण्णा बरोबर होते. तिच्याकडे हा कॉम्प्युटर आला असता तर तिनेही तेच लिहिलं असतं, ‘ता’ टाईप करून. तिने बाहेर येऊन आकाशला फोन लावला. ऑफिसात शेजारी बसणारा, एकदम बेकार हसणारा. ‘एक्सपी?’ तो म्हणाला. ‘अगं म्युझियमला दे ना. तिकीट लाव.’ ‘आकाश, मस्करी नको यार.’ ‘मग मस्करी नाही. तूच शिकवलंस ना मला, जुनी सिस्टिम म्हणजे दार उघडं टाकून गावी जाणं?’ समोर चावीवाला कोणाच्या तरी कुलुपात कानस घासत होता, घर्र घर्र, आणि तिच्या डोक्यात हळूच उजाडलं. दार उघडं आहे, ठीक आहे. पण दार लिंपूनच टाकलं तर? ‘आकाश, ह्या मशीनला बाहेरचं काय लागतं? सांग ना. इंटरनेट लागतं का? नाही. मेल? नाही. त्याला फक्त आवाज काढायचाय आणि कागद छापायचाय. आपण त्याला जगात कशाला सोडतोय?’ मग आकाश म्हणाला, ‘तू पागल आहेस. किती वाजता येऊ?’

आला नाही तो, ते सोडा, मुलुंडला बहिणीकडे अडकला, पण अर्धा रविवार फोनवर होता. श्रुतिका मात्र सकाळपासून त्या खोलीत. आईला नुसतं सांगितलं, काम आहे, आणि पोहे डब्यात घेतले. आधी ती करकर. मॅडम म्हणत होत्या हार्ड डिस्क गेली, राजाराम म्हणत होते, ‘ता मशीन म्हातारा झाला, कण्हता ता.’ डिस्क गेली असेल तर खेळ खलास, कारण प्रोग्रामची सीडी कोणाकडेच नव्हती. श्रुतिका डब्यासमोर जमिनीवर बसली. बाहेर रिक्षा, वर कोणाचा तरी मिक्सर, सगळे आवाज एकमेकांत काला झालेले. मग तिने तिची जुनी गोष्ट केली. दोन्ही कान काढून खिशात ठेवले. जग असं पाण्याखाली गेल्यासारखं शांत झालं, आणि तिने तळहात डब्यावर ठेवला. कान नव्हते तेव्हा ती अशीच ऐकायची. वॉशिंग मशीनवर हात ठेवून, पप्पा गात असले की त्यांच्या छातीवर हात ठेवून. आई म्हणते, तू तेव्हा घरातली सगळी भांडी चाचपत फिरायचीस, आंधळी आहे असं वाटायचं लोकांना. हाताला काय काय यायचं तेव्हा! पप्पांचं गाणं बोटांच्या पेरांत यायचं, आईचा राग लाद्यांवरून पायात यायचा, तिच्या पावलांबरोबर. हाताला कोणी फसवू शकत नाही. आणि आता त्याच हाताला, इतक्या वर्षांनी, डब्याच्या आतलं सरळ कळत होतं. खाली डिस्क, तिची थरथर एकसारखी, झोपलेल्या मांजरासारखी, मस्त, निरोगी. करकर तिथे नव्हतीच. करकर वर होती, मागे, पंख्याजवळ. आणि ती कण्हत नव्हती, टिचक्या मारत होती. टिक टिक, टिक, टिक टिक. काहीतरी नाचत होतं आत.

कॉम्प्युटर बंद करून तिने झाकण उघडलं तर पंख्याच्या कडेला तांदळाचा दाणा. गुलाबी. मग दुसरा, झेंडूची वाळकी पाकळी, आणि खाली बोर्डावर तर चक्क मूठभर. तिला काहीच कळेना. उंदीर म्हणावा तर गुलाबी तांदूळ कुठून आणेल? तिच्या घरी दसऱ्याला कसलीच पूजा नसायची, पांढरे कपडे घालून सगळे विहारात जायचे, आणि आल्यावर खीर. तिने कान परत लावले आणि दाणे तळहातावर घेऊन राजारामांसमोर धरले. राजारामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘त्ये... अक्षता.’ मग एकदम, ‘दर दसऱ्याक मशीनची पूजा करतंय मी! हळद-कुंकू लावतंय, हार घालतंय. वरसून टाकतंय अक्षता, ही भोकां आसत ना थंयसून...’ म्हणजे हवा जायच्या जाळीतून! दर दसऱ्याला! मॅडम खुर्चीत बसल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, ‘राजाराम, तुम्ही त्याला इतकी वर्षं जेवायला घालताय!’ ‘म्हणान तर टिकला!’ राजाराम म्हणाले. आणि श्रुतिका इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं, त्या करड्या फोमला, आणि फोम तसाच होता, बोट दाबलं की आत जाणारा आणि सावकाश वर येणारा. चिमट्याने ती एकेक दाणा काढत राहिली. राजारामांनी ते सगळे एका वाटीत गोळा केले. फेकवत नव्हते त्यांना.

मग खरं काम. आणि हे सांगताना तिला अजून हसू येतं, कारण ऑफिसात ज्याला मोठमोठी नावं आहेत, ते इथे नळाच्या दुकानातल्या सामानाने झालं. आधी डिस्कची कॉपी केली, एक सोडून दोन, एक मॅडमच्या कपाटात, एक स्वतःकडे. मग राहिलेला व्हायरस पुसला. इंटरनेटची वायर नुसती काढली नाही, तिचं भोकच बंद केलं. पेनड्राइव्हची सगळी भोकं आधी सेटिंगमधून मारली आणि मग राजारामांना म्हणाली, ‘काका, एम-सील आहे?’ ‘नळाक लावतंत ता?’ ‘तेच. चांगलं मळा आणि भरा.’ राजारामांनी दोन रंगांच्या गोळ्या पुरणासारख्या मळून एकेक भोक असं लिंपलं की काय सांगू, जीभ बाहेर काढून, वर अंगठ्याने गुळगुळीत करून. कीबोर्ड-माऊस जुन्या गोल पिनांचे, प्रिंटर जुन्या रुंद वायरचा, त्यांना ह्यातलं काहीच लागत नव्हतं. म्हातारपणाचा एवढा फायदा. आणि शेवटी तिने ते केलं ज्याच्यावर ती खूश होती. कॉम्प्युटर गोठवला. म्हणजे दिवसभर त्याच्यात काहीही होऊ दे, चांगलं, वाईट, चुकीचं बटण, काहीही. बंद करून चालू केला की तो परत आजचा, ह्या रविवारचा, असाच धुतलेला. कागद छापून घ्यायचे, बाकी तो सगळं विसरणार. ‘म्हणजे ह्याला कालचं काहीच आठवणार नाही?’ मॅडमनी विचारलं. ‘नाही. रोज सकाळी पहिला दिवस.’ हे ती सहज बोलून गेली. बाहेर चावीवाला शटर ओढत होता. रोज सकाळी टेकडी पहिल्यांदा उगवणार, आणि तिला कधीच कळणार नाही की ती किती जुनी आहे. श्रुतिकाला एकदम त्या पिवळ्या डब्याचा हेवाच वाटला. नाहीतर आपण. आपल्याला सगळं आठवतं. आणि त्यातलं अर्धं तरी खरं असतं का, कोणास ठाऊक.

सोमवारी तिने ऑफिसला उशिरा येते म्हणून कळवलं. खोलीत इरावती आईच्या मांडीवर, दोन बोटं तोंडात, कानात मॅडमनी नुकतीच बसवलेली ट्रायलची मशीनं. डोळे मोठे, सगळीकडे फिरणारे. श्रुतिकाला ते डोळे ओळखीचे होते; जे कानाने येत नाही ते सगळं डोळ्यांनी ओढून घेणारे. आणि तेवढ्यात अण्णा; मॅडमनी रात्रीच त्यांना फोनवर सगळं सांगितलं होतं. सफारी, खिशाला पेन, हातात पेनड्राइव्ह. ‘ह्याच्यात आमच्या ऑफिसातला तोच किडा आहे,’ ते म्हणाले, ‘मी जपून ठेवलाय. आता लावतो. बघू तुमची सुरक्षा.’ ते वाकले. डब्याच्या पुढे बघितलं, मागे बघितलं, चष्मा वर केला, परत पुढे. ‘अहो, कुठे घालू?’ ‘तेच तर, अण्णा,’ श्रुतिका म्हणाली. ‘कुठेच नाही.’ राजाराम दाराशी असे उभे होते जणू किल्ला त्यांनीच बांधला. अण्णांनी अंगठ्याने एम-सील ठोकून बघितलं. ‘बरं. पण बाई, खरं सांगा, तुम्ही पवईला हेच काम करता ना? तुम्ही ह्याला सुरक्षित म्हणाल?’ श्रुतिकाच्या बोटांत ते वाक्य तयारच होतं. ती म्हणाली, ‘जगात सोडलात तर अजिबात नाही. एका तासात मरेल. ह्या खोलीत, ह्या एका कामाला, हो म्हणेन. लिहून देईन. आणि दर सहा महिन्यांनी येऊन बघेन. नवीन मशीन आणायचं बघा, ते आलं की ह्याला मी स्वतः बंद करेन. पण तोवर मुलं थांबायला नकोत.’ ‘आणि उद्या कोणी काही बिघडवलं तर?’ ‘तुम्ही बिघडवा ना. आत्ता.’

अण्णांच्या चेहऱ्यावर जे आलं ते सेक्रेटरीचं नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि एका बोटाने स्क्रीनवरचं एकेक चिन्ह उचलून कचऱ्यात टाकायला लागले, हे पण, हे पण, आणि हे काय, हे पण, आणि शेवटी हिरवी टेकडी काढून तिथे नुसता काळा रंग. ‘झालं!’ म्हणाले, दिवाळीत बॉम्ब लावून मागे पळालेल्या पोरासारखे. श्रुतिकाने बंद करून चालू केला. आता बघा, तिला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं की येणार, तरी तिने श्वास धरला. काळं, काळं, मग निळं, आणि मग आली! टेकडी! आणि सगळी चिन्हं आपापल्या जागी, आणि धून, वर गेली, थबकली, खाली बसली. श्रुतिका स्क्रीनकडे बघतच नव्हती. ती इरावतीकडे बघत होती. वळ. वळ ना गं. आता वळशील, आणि तुझी पण होईल ती.

इरावती माकडाकडे बघत बोटं चोखत राहिली. काहीच नाही. तिच्या आईने मॅडमकडे बघितलं, मॅडमनी चष्मा सारखा केला, खोलीत कोणी हललं नाही. आणि काय करावं हे न सुचून राजारामांनी आपलं नेहमीचं केलं. पुढे येऊन डब्यावरची धूळ पुसली, फडकं झटकलं, आणि, ‘आऽऽऽक् छी!’

इरावती गर्रकन वळली. बोटं तोंडातून बाहेर, तोंड तसंच उघडं. तिने राजारामांकडे बघितलं, मग छताकडे, मग परत राजारामांकडे, आणि मग खळखळून हसली, अंग घुसळत, आणि हात पुढे करून म्हणाली, ‘आँ!’ म्हणजे परत. मॅडमचं बोट सवयीने बटणावर गेलं आणि माकडाने धडाधड डफली वाजवली. इरावतीची आई रडत होती आणि हसत होती आणि म्हणत होती, ‘काका, अजून एकदा ओ, अजून एकदा.’ आणि राजाराम हतबल, ‘आता येना नाय गो बाय, ती काय माझ्या हातात आसा?’ मॅडम चष्मा काढून डोळे पुसत श्रुतिकाला म्हणाल्या, ‘अगं, सेम! तुझ्या वेळी पण सेम! ही धून वाजली तेव्हा तू ढिम्म. तुझी आई हाका मारून दमली. आणि ह्यांनी फडकं झटकलं. तेव्हा मिशा होत्या ह्यांना. तुला आठवत नाही?’

श्रुतिका उभीच राहिली. शिंक? इतकी वर्षं, ती टेकडी, ते आभाळ, कान्हेरीला उभं राहणं, आणि शिंक? आई हरली, कुकर हरला, आणि आपण पण. वाईट वाटायची ती वाट बघत होती आणि आतून भलतंच वर येत होतं, गुदगुल्यांसारखं. कारण मग टेकडीचा आवाज कुठून आला? नंतर कधीतरी आला असणार. दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी, जेव्हा तिला कळलं होतं की आवाज नावाची गोष्ट आहे, आणि ती दाराशी येऊन, चप्पल काढायच्या आधीच, स्क्रीनकडे बघत बसली असणार, कधी वाजते, कधी वाजते. शिंक तिच्यावर येऊन पडली होती. ह्या धुनेची तिने वाट बघितली होती.

बाहेर अण्णा कोणालातरी फोनवर सांगत होते की दातांच्या डॉक्टरांना वरची खोली द्या, तिथे उजेड छान आहे. श्रुतिकाने घरी फोन लावला. ‘आई, ऐक, पहिला आवाज कुठला ते कळलं.’ ‘माझी हाक,’ आई लगेच म्हणाली, मागे कुकर होताच, पप्पाही काहीतरी ओरडत होते. ‘थांब, ज्याचा होता त्यालाच विचार,’ म्हणून श्रुतिकाने फोन राजारामांच्या तोंडासमोर धरला. ते लाजले, फडकं मागे लपवलं, घसा खाकरला, आणि तेवढ्यात, कोणी काही न करता, त्यांचं नाक हळूहळू वर जायला लागलं, डोळे मिटायला लागले, आणि मॅडम, इरावतीची आई, दाराशी आलेले अण्णा, सगळे श्वास धरून उभे. आणि इरावती, आईच्या मांडीवर ताठ बसून, दोन्ही हात वर करून, वाट बघत होती.